गोदाक्काची हाजिरी

"काकू, आई गेली," असं गोदाक्काचा मुलगा दत्ता फोनवर म्हणाला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "चहा झाला होता का तिचा?" तो म्हणाला, "झाल्ता. परसात बसूनच पिली. कपबशी बराबर खाली ठेवली, अन् मंग मान टाकली." मी म्हणाले, "मग बरं झालं." माझी सून शेजारीच उभी होती. सासूचं डोकं फिरलं की काय, अशा नजरेनं ती माझ्याकडे बघायला लागली. पण गोदाक्काला ओळखणाऱ्या कुणीही हेच विचारलं असतं. सकाळचा चहा आणि त्यानंतरचं परसातलं बसणं, या दोन गोष्टी झाल्या की उरलेला दिवस कसाही गेला तरी तिची तक्रार नसायची. त्या हिशेबानं ती अगदी वेळेवर गेली. आता तिला जाऊन महिना होत आला. रडून झालं, भेटायला येणारे येऊन गेले, आणि आता जरा निवांतपणे तिच्याबद्दल लिहावंसं वाटतंय.

गोदाक्का माझी थोरली जाऊ. तिचं माहेर वाटूरचं, माझं मंठ्याचं, आणि दोघी पडलो कुंभार पिंपळगावात, एकाच घरात, एकाच सासूच्या हाताखाली. निजामाचं राज्य होतं. कचेरीचा कागद उर्दूत यायचा आणि घरातल्या पुरुषांपैकी ज्याला तो वाचता येई त्याची घरात वट असे. आम्हा बायकांचा दरबार वेगळा, तो देवघरात भरायचा. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांचं सोवळं गावात प्रसिद्ध होतं. ओलं लुगडं नेसून त्या देवघरात शिरल्या की मांजरसुद्धा वाट सोडून बाजूला व्हायचं. मला त्या देवघराचं फारसं कौतुक नव्हतं, खरं सांगायचं तर आजही नाही. मी पळवाट शोधणारी. गोदाक्काचं तसं नव्हतं. तिला देवाची मनापासून आवड होती. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्यापेक्षा देवघर बघून जास्त खूश झाली होती, असं तीच मला हसत सांगायची. पितळेचा बाळकृष्ण, देवीचा टाक, शाळिग्राम... एवढे देव तिच्या माहेरी नव्हते.

माझं लग्न व्हायच्या आधीच तिच्या हातावर पांढरा डाग उठला होता. मग दुसरा, मग गालावर. कोड. आज लोकांना कळतं की हा नुसता कातडीचा रंग जाण्याचा प्रकार आहे, तो कुणाला लागत नाही. तेव्हा कळत नव्हतं. आत्याबाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी तिला माहेरी धाडलं नाही, की भावजींना दुसरं लग्न करू दिलं नाही. फक्त एवढंच सांगितलं, "गोदे, देवाला हात लावायचा न्हाई. देवघराच्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई." नैवेद्याचा स्वयंपाकही बंद झाला. रोजच्या भाकरी मात्र तिनंच थापायच्या, त्यांना कोड चालत होतं! तिच्या वाट्याला परस आलं : म्हैस, ताक घुसळणं, गोवऱ्या, जातं. मी त्या घरात आले तेव्हा ती रोज पूजेच्या वेळी काहीतरी काम काढून देवघराच्या भिंतीपलीकडे उभी असायची आणि घंटा वाजली की तिथूनच हात जोडायची.

एका नवरात्रात आम्ही दोघींनी गुपचूप एक उद्योग केला. घटावर रोज एक माळ चढते. गोदाक्कानं पहाटे उठून झेंडूची माळ केली, अशी सुरेख की एक फूल मोठं नाही, एक लहान नाही. मी ती माझी म्हणून आत नेली. आत्याबाईंनी चढवली, आरती झाली, आणि मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सिंधू, तुझ्या हातची गाठ अशी न्हाई." माझी गाठ सैल असते हे त्यांनी हेरून ठेवलेलं. त्यांनी माळ उतरवली, परसात आल्या आणि म्हशीपुढं टाकली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. गोदाक्का तिथंच शेण काढत होती. म्हशीनं माळ खाऊन संपवेपर्यंत ती बघत उभी राहिली. त्या दिवशी ती माझ्याशीही बोलली नाही. मला वाटलं, संपलं हिचं. आता ही देवाचं नाव टाकणार, नाहीतर आड जवळ करणार. मला खरोखर भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले तर तिचा आवाज ऐकू आला. ताक घुसळता घुसळता ती कुणाला तरी हाका मारत होती. "केशवा..." मग जरा थांबून, हळूच, "हाजिर." "नारायणा..." "हाजिर." "माधवा..." "हाजिर." मी घाबरून विचारलं, "आक्का, काय करून राह्यल्या? कुणाशी बोलताय?" तर ती चक्क हसली. रवी थांबवून तिनं मला जी गोष्ट सांगितली, ती ऐकून मी हसून हसून आडवी झाले.

वाटूरला तिच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून शाळा होती. मुलींनी शाळेत जायचा प्रश्नच नव्हता, पण भिंतीला कान असतात म्हणतात तसा हिचा कान कायम भिंतीला. सकाळी घरात वडील संध्येला बसायचे आणि म्हणायचे, केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, गोविंदाय नमः. ते आटोपतं न आटोपतं तोच भिंतीपलीकडून मास्तरांचा आवाज यायचा : केशव! नारायण! माधव! गोविंद! तीच नावं. फरक एवढाच की वडिलांच्या हाकेला कुणी ओ द्यायचं नाही, आणि मास्तरांच्या प्रत्येक हाकेला पलीकडून ताबडतोब उत्तर यायचं, "हाजिर जनाब!" चार-पाच वर्षांच्या गोदेनं त्याचा सरळ अर्थ लावला. आपल्या बाबांना पूजा येत नाही, मास्तरांना येते. तिथं देव रोज येतात, नाव घेतलं की बोलतात, आणि ते उर्दू बोलतात. एकदा नारायणाच्या नावाला कुणीतरी "गैरहाजिर" म्हणालं, तर ही रडत आईकडे गेली, "आज नारायण आलाच न्हाई!" आईनं शांतपणे सांगितलं, "ताप आलाय त्याला. पलीकडच्या गल्लीत तर राहतो." देवाला ताप येतो आणि तो पलीकडच्या गल्लीत राहतो, हे कळल्यावर तिला देवाबद्दल फारच आपलेपणा वाटायला लागला म्हणे.

"मंग खरं कवा कळलं?" मी विचारलं. "कळलं की, वर्षा-दोन वर्षांत. पण तवर सवय पडली होती." लहानपणी ती एकटी बसून नावं घ्यायची आणि देवाच्या वतीनं "हाजिर" म्हणायची. सासरी आल्यावर एवढं मोठं देवघर मिळालं, म्हणून तो खेळ सुटला. काल म्हशीनं माळ खाल्ली तेव्हा तिला तो आठवला. "म्हैस लै आवडीनं खाऊन राह्यली होती ग," ती म्हणाली, "अन् माझ्या मनात आलं, माळ कुणाच्या तरी पोटात तर गेली. मंग रात्रभर पडल्या पडल्या इचार केला. देवघरात मी गेले न्हाई तर देव गैरहाजिर होतो का? मीच गैरहाजिर आहे, रडत बसले म्हणून. आता नाव मी त्याचं घेते, अन् हाजिर माझ्या वतीनं म्हणते." मी म्हटलं, हे उलटंच झालं, हाक मारायची तुम्ही आणि ओ पण तुम्हीच द्यायची. ती म्हणाली, "कोण बोलावून राह्यलं अन् कोण आलं, ते कशाला बघायचं? दोघं बी तिथं असले म्हणजे झालं."

मी ही गोष्ट तेव्हा थट्टेवारी नेली. कितीतरी दिवस तिला "हाजिर जनाब" म्हणून चिडवत होते. ती चिडायची नाही. पण तिच्यात फरक पडला तो मला रोज दिसत होता. देवघराच्या भिंतीमागं घुटमळणं बंद झालं. चेहऱ्यावरचा डाग वाढत गेला आणि चेहरा मात्र निवळत गेला. रोजच साधायचं असंही नाही, हे मला तिच्या बाबतीत फार आवडायचं. दत्ताला गोवर निघाला होता तेव्हा मी सकाळी विचारलं, "काय म्हणतो तुमचा केशव?" तर म्हणाली, "आज मी गैरहाजिर. मन सगळं पोरापाशी." आणि उठून कामाला लागली. त्याबद्दल तिला अपराधी वाटत नसे. शाळेतला पोरगा एक दिवस आला नाही म्हणून त्याचं नाव थोडंच कापतात, असं म्हणायची.

मग ते धामधुमीचं साल आलं. राज्य जाणार की राहणार, कुणालाच कळत नव्हतं. गावोगाव भीती पसरली होती. एका दुपारी भावजी धावत आले, "जल्दी निघा, मिळंल ते घ्या," म्हणाले. लांबच्या एका नातेवाइकांच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याला लागून असलेल्या झोपडीत, जायचं ठरलं. आत्याबाईंनी घाईघाईनं देव सोवळ्याच्या लोकरी धाबळीत बांधले, गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि दागिन्यांचं बघायला आत गेल्या. माझ्या कडेवर तान्हं पोर. गाडीत सामान गोदाक्का भरत होती. पीठ, भांडी, पांघरुणं, सगळं भरलं, म्हैस गाडीमागं बांधली. गाडी गावाबाहेर बरीच पुढं आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "देव कुठं ठेवले ग?" गोदाक्काचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "ओट्यावर दिसले होते, आत्याबाई. पण मी कसा हात लावू? वाटलं, तुम्ही घ्याल." गाडी तशीच पुढं गेली. बोलणार तरी काय? ज्यांनी नियम घातला त्याही तिथंच होत्या, आणि जिनं पाळला तीही.

आत्याबाई पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसत. आखाड्यावर पूजा कशाची करणार? परत जाण्यात जिवाचा धोका होता. त्या बांधावर बसून राहिल्या. भावजींनी हात जोडले, मी पाया पडले, सुपारी मांडून तिची पूजा करा म्हणून सांगितलं. त्या म्हणायच्या, "देव तिकडं उपाशी, अन् मी इथं जेवू?" दुसरा दिवस असाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मान ताठ राहीना, ओठ कोरडे पडलेले. आम्ही सगळे हबकून गेलो. ही म्हातारी इथंच संपणार, असं मला वाटायला लागलं. तेव्हा गोदाक्का ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून घेऊन आली आणि त्यांच्याजवळ बसली. इतकी जवळ ती त्यांच्या कधी बसली नव्हती. "आत्याबाई, मी नाव घेते. तुम्ही नुसतं हाजिर म्हणा." आत्याबाईंनी डोळे उघडले. त्याही अवस्थेत त्यांचा ताठा गेला नव्हता. "देवापुढं तुरकी बोलू?" गोदाक्का म्हणाली, "इतकी वर्षं या राज्यात राहिलाय तो. त्याला काय कळत न्हाई का? अन् तो तिकडं असला तर आपण तरी हाजिर असावं ना."

"केशवा," तिनं हाक दिली. आत्याबाई गप्प. "नारायणा..." गप्प. ज्वारीतून वारा येत होता, बैल कडबा खात होते. "माधवा..." "गोविंदा..." त्या नावाला आत्याबाईंचे ओठ हलले. आधी काही ऐकूच आलं नाही. गोदाक्कानं पुन्हा म्हटलं, "गोविंदा..." आणि आत्याबाई म्हणाल्या, "हाजिर." आणि ढसाढसा रडायला लागल्या. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. गोदाक्कानं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि त्या डागाडागांच्या हातानं त्यांना कण्या भरवल्या. वाटी संपेपर्यंत त्यांनी तोंड फिरवलं नाही. मी देव मानत नाही, पण त्या बांधावर त्या वेळी आणखी कुणीतरी होतं, असं मला वाटलं होतं. का वाटलं ते मला सांगता येणार नाही.

सगळं निवळल्यावर घरी आलो, तर गाठोडं होतं तिथंच होतं, नुसती शेजारच्या शेळीनं धाबळीची किनार खाल्ली होती. आत्याबाई ओट्याशी थांबल्या. म्हणाल्या, "गोदे, उचल ते. आत ने. उद्यापासून पूजा तुझ्याकडं." गोदाक्कानं गाठोडं उचललं, पदरानं पुसलं आणि इतक्या वर्षांनी उंबरा ओलांडला. मला वाटलं, आता ही तासभर बाहेर येत नाही. ती देव मांडून लगेच बाहेर आली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली! पुढं पूजा ती नेमानं करायची, आल्यागेल्याचं करावं तशी, मायेनं पण आटोपशीर. बसायला मात्र परसातच. काही दिवसांनी आत्याबाईही आपला पाट घेऊन तिच्याजवळ येऊन बसायला लागल्या. दोघींचं बोलणं कमीच व्हायचं. आत्याबाई शेवटपर्यंत "तुरकी" शब्द नाक मुरडूनच म्हणायच्या, पण म्हणायच्या.

अलीकडे एकदा मी तिला थेट विचारलं होतं, "आक्का, देव भेटला का हो तुम्हाला?" ती म्हणाली, "ते मला काय कळतंय बाई. इथं बसले की मन कुठं पळत न्हाई, एवढं बराबर ठाऊक आहे."

तेराव्याला मी पिंपळगावला गेले. दत्ताच्या बायकोनं, शोभानं, गोदाक्काचा फोटो मोठा करून आणला होता. गालावरचा डाग, हसणं, सगळं आलेलं. तिनं देवघरातली भिंत पुसून घेतली होती. हातोडी, खिळा घेऊन तिथंच उभी होती. मला म्हणाली, "काकू, देवाशेजारीच लावते. बराबर आहे ना?" मी म्हटलं, "इथं नको. परसदारी लाव, ती बसायची त्या जागेच्या वर." शोभाला ते पटेना. "असं कसं काकू? लोक म्हणतील, सासूला देवघरात जागा दिली न्हाई."

मला एकदम भरून आलं आणि हसूही आलं. म्हटलं, "म्हणू दे. तिनं मागितली होती ग ती जागा, एके काळी. पुढं तिला ती लागलीच नाही."