पोटभाडेकरूचा दावा

पोलादपूरचं घर मला मामांकडून आलं. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि मामी त्यांच्या बऱ्याच आधी गेली होती. मी महाडात शाळामास्तर. नोकरी सोडून पोलादपुरास जाऊन राहणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून घर भाड्याने दिलं.

भाडेकरू मिळाला तो वरच्या एका वाडीतला. हिरड्याच्या वखारीत तोलणारा होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही, बोलणं अगदी मोजकं. आमच्या वकिलांनी भाडेचिठ्ठी करून दिली. घर रिकामं ताब्यात मिळालं, ते स्वतःच्याच राहण्यासाठी वापरीन, मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणास आत ठेवणार नाही, ठेवल्यास भाडेकरार मोडला असं समजावं, असा मजकूर होता. त्याने तो वाचून घेतला आणि सही केली. भाडं वेळच्या वेळी येई. वर्ष-दीड वर्ष मी त्या घराकडे फिरकलोही नाही.

मग एकदा शेजारची सोनारीण महाडच्या बाजाराला आली असताना आमच्याकडे डोकावली. पाणी पिता पिता आईला म्हणाली, तुमच्या भाडेकऱ्याने घरात बाई आणून ठेवली आहे. तो वखारीत गेला की भरदुपारी आत जातं फिरतं, मागल्या दारी लुगडं वाळत असतं. मात्र त्या बाईचं तोंड तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

आईने विषय बदलला. मला मात्र राग आला. पुढच्याच रविवारी सर्व्हिस मोटारीने मी पोलादपूर गाठलं.

घराला बाहेरून कुलूप होतं, भाडेकऱ्याचंच. ऊन डोक्यावर होतं, रस्त्यावर माणूस नव्हतं. आणि आत जातं फिरत होतं. संथ, न थांबता, सवयीच्या हाताचं. मी ओटीची पायरी चढलो तसा आवाज थांबला. कोण आहे म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही, पण आत कोणीतरी कान देऊन उभं आहे असं मला पक्कं वाटलं. मी वळसा घालून परसात गेलो. दोरीवर हिरवं लुगडं होतं आणि त्याच्या काठातून पाणी ठिबकत होतं. मागच्या दाराला आतून अडसर होता.

मी तिथून वखारीत गेलो नाही. तडक महाडला परतलो आणि वकिलांना गाठलं. म्हणालो, कुलूप तोडून कोण आहे ते बघतो.

ते म्हणाले, "घर तुमचं असलं तरी कुलूप त्याचं आहे. ते तोडलंत तर फिर्याद तुमच्यावर व्हायची."

कायद्याने काय करता येईल ते त्यांनी समजावून सांगितलं. अट मोडली म्हणून करार संपला, अशी लेखी नोटीस द्यायची. त्याने घर सोडलं नाही तर कब्जासाठी दावा लावायचा. हुकूमनामा झाला की बेलिफ जाऊन ताबा देईल. मात्र पोटभाडेकरू ठेवला हे शाबीत करणं आपल्याकडे राहील, असंही त्यांनी बजावलं. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. आवाज मी स्वतः ऐकला होता.

नोटीस गेली. उत्तर आलं नाही, म्हणून दावा लावला. वकिलांच्या अर्जावरून कोर्टाने घर पाहण्यासाठी कमिशनर नेमला. हे एक म्हातारे वकील होते, निम्मं आयुष्य जमिनींच्या मोजण्या बघण्यात गेलेले. ठरल्या दिवशी आम्ही सगळे अंगणात जमलो. भाडेकरू सकाळपासून तिथेच उभा होता. त्याने कुलूप काढलं आणि बाजूला झाला. कमिशनर पंचांना घेऊन आत गेले. मला वकिलांनी बाहेरच थांबवलं.

ते बराच वेळ आत होते. शेवटी बाहेर आले. एका माणसाचं अंथरूण, एका माणसाची भांडी, बायकी कपडा एकही नाही, असं त्यांनी ओटीवर बसूनच लिहिलं. मग लेखणी थांबवून भाडेकऱ्याला विचारलं, "आज जात्यावर कोण बसलं होतं? वरच्या पाळूला हात लावला तर गरम लागते."

भाडेकऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कमिशनरांनी पुन्हा विचारलं नाही. पंच ओटीवरून उतरून रस्त्यापर्यंत गेले होते.

कोर्टात साहेबांनी आमच्या वकिलांना विचारलं की पोटभाडेकरूचं नाव काय, तिला दाव्यात सामील का केलं नाही. नाव आम्हांला ठाऊक नाही, असं वकिलांनी कबूल केलं. सोनारणीनेही पिंजऱ्यात उभं राहून ऐकलं तेवढंच सांगितलं; पाहिलं असं म्हणायला ती तयार झाली नाही. मग भाडेकरू उभा राहिला. त्याने वकील दिला नव्हता.

"साहेब, मी कुणाला ठेवलं नाय," तो म्हणाला. "मी आलो तवा ती व्हतीच. घर रिकामं दिलं असं कागदात लिव्हलंय, पन तसं ते नव्हतं. माझी तक्रार नाय. ती तिच्या जागी, मी माझ्या जागी."

कोर्टात कोणी हसलं नाही. साहेबांनी त्याला परत परत विचारलं, ती कोण, कुठली. त्याने ते आपल्याला ठाऊक नाही, आपण विचारलंही नाही, एवढंच सांगितलं. पुढची तारीख पडली.

संध्याकाळी मी आईला हे सगळं सांगितलं. ती वाती वळत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझी मामीसुद्धा म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हापासून. दुपारी ही माजघरात आडवी पडली की पलीकडे दळण चालू व्हायचं."

मी विचारलं, हे मला आधी का सांगितलं नाहीस.

"तू तिथे राहणार नव्हतास," ती म्हणाली.

त्या दिवसानंतर दावा चालवायचा धीर मला राहिला नाही. वकीलही म्हणाले की हा मुद्दा शाबीत होणार नाही, काढून घ्या. शिवाय भाडेकरू महिन्याच्या बोलीवर होता. त्याचा काही दोष न दाखवताही कायद्याप्रमाणे मुदतीची साधी नोटीस देऊन त्याला उठवता येत होतं; आधी तेच केलं असतं तरी भागलं असतं. दावा काढून घेऊन तशी नोटीस दिली. त्याने ती मानली.

ताबा घ्यायला मी दिवसाउजेडी गेलो. त्याचं सामान एका बोचक्यात मावलं होतं. किल्ली माझ्या हातात देण्याआधी तो उंबऱ्याशी थांबला आणि आतल्या अंधाराकडे बघून हलक्या आवाजात म्हणाला, "येतो गो. मालक आलेत."

मी आत पाऊल टाकलं नाही. कुलूप घालून परतलो.

पुढे एका कारकुनाच्या कुटुंबाला घर दिलं. नवी भाडेचिठ्ठी लिहिताना 'रिकामं' हा शब्द गाळायला मी सांगितलं. वकिलांनी मान वर करून पाहिलं आणि तो शब्द खोडला. घर घेण्याआधी कारकुनाच्या बायकोला आईने एकटीला बाजूला नेऊन काही सांगितलं. ते कुटुंब पुष्कळ वर्षं राहिलं. दुपारी त्या घरात मुलं शांत झोपतात, एवढंच कारकुनाची बायको एकदा म्हणाली.

जुना भाडेकरू मला एकदाच भेटला, महाडच्या मोटार अड्ड्यावर. मुंबईला भावाकडे निघाला होता, आगबोटीसाठी दासगावच्या बंदराकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होता. त्याने वाकून नमस्कार केला, शाळेची चौकशी केली, आईची केली. मग जरा घुटमळून विचारलं, "ती बरी हाय ना?"

मी म्हणालो, "बरी आहे."

त्याचा चेहरा निवळला. गाडी आली, आणि बोचकं उचलून तो आत जाऊन बसला.