शिऱ्याच्या ऋजूचा नो-हिटर

दर शनिवारी सकाळी क्रिकेट खेळून झालं की आमचा ग्रुप इथे सिंगापुरात, बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, कोपी (इथली कॉफी) प्यायला बसतो. क्रिकेट तासभर, कोपी दोन तास! इतका वेळ बसल्यावर किस्से साठणारच. पण त्यातले निम्मे एकाच माणसाचे आहेत.

तो माणूस म्हणजे आमचा शिरीष, ऊर्फ शिऱ्या. मूळचा पुण्याचा, ऑफिस पाया लेबारला, आणि त्याच्या मते जगात खेळ एकच, क्रिकेट. त्याची एकुलती एक मुलगी ऋजुता झाली सॉफ्टबॉलची पिचर, म्हणजे त्या खेळातली बोलर!

*

आमची गणपतीतली फॅमिली मॅच असते. त्यात एक ओव्हर कच्च्या लिंबांची. लहान मुलं अंडरआर्म बॉल टाकतात, त्या ओव्हरमध्ये कुणी आउट नाही, मोठ्यांनी फक्त रन्स काढायचे. ऋजू त्या ओव्हरमध्येच लहानाची मोठी झाली.

सेकंडरी स्कूलमध्ये गेल्यावर ती एकदा धावत घरी आली. "बाबा, टीममध्ये सिलेक्ट झाले! मी पिचर! अंडरआर्म टाकायचं!"

शिऱ्या म्हणाला, "म्हणजे शाळेत पण कच्चं लिंबूच?"

शिऱ्याची बायको, आमच्या अनघा वहिनी, सांगतात, पोरगी हसली नाही. हा मात्र आठवडाभर आम्हाला ऐकवत होता.

*

पुढे एका शनिवारी ती आमच्या ग्राउंडवर आली. आमचा कॅप्टन गायकवाड बॅट घेऊन उभा राहिला. "टाक बेटा, घाबरू नकोस."

तिने हात पूर्ण गोल फिरवला आणि कमरेजवळून तो पिवळा बॉल सोडला. गायकवाडची बॅट खांद्यावरच होती आणि बॉल मागच्या जाळीत! "मी रेडी नव्हतो," गायकवाड म्हणाला. दुसऱ्या बॉललाही रेडी नव्हता. तिसऱ्याला त्याने बॅट फिरवली, तोवर बॉल जाऊन पोचला होता.

शिऱ्या त्या दिवशी ऑफिसात. आम्ही सगळं रंगवून सांगितलं, तर म्हणतो, "गायकवाडला काय, कुणीही काढतं!"

*

तिला सॉफ्टबॉलवर अमेरिकेतल्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली. शिऱ्याला पटेना. "अरे, नावातच सॉफ्ट आहे! त्यावर कुणी डिग्री देतं?"

तिने विषय घेतला बायोमेकॅनिक्स. माणसाचं शरीर हलतं कसं, जोर कुठून येतो, त्याचा अभ्यास. स्वतःच्याच खांद्याचा म्हणा ना. पुण्याच्या नातेवाइकांना मात्र शिऱ्याने सांगितलं, "इंजिनियरिंगच आहे. मशीन तेवढं माणसाचं."

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "मार्क किती?" मार्क उत्तम असायचे. मॅचबद्दल तो शेवटी विचारायचा, तेही कधी कधी.

*

तिच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. आम्ही कोपी पीत होतो, तिकडे शुक्रवारची संध्याकाळ. तिचा फोन आला. हात पराठ्याने बरबटलेले, म्हणून शिऱ्याने स्पीकरवर टाकला.

"बाबा! आय थ्रू अ नो-हिटर!" मागे मुलींचा नुसता कल्ला.

शिऱ्याचा चेहरा पडला. मग तो फार मायेने म्हणाला, "होतं गं असं कधी कधी. पुढच्या वेळी बसेल."

"ओके, बाबा."

"आणि मिडटर्मचं काय झालं?"

फोन ठेवल्यावर गायकवाडने मोबाईलवर शोधलं. नो-हिटर म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीममधल्या एकीलाही हिट मिळू दिली नाही. पिचरच्या आयुष्यात असा दिवस क्वचित येतो. आणि आमचा हा समजला, पोरीची बॅट लागली नाही!

"मग सांगितलं का नाही तिने?" शिऱ्या म्हणाला.

"सांगितलंच की. पहिल्याच वाक्यात."

त्याने लगेच परत फोन केला, तिने उचलला नाही. मग बराच वेळ विचार करून इंग्लिशमध्ये मेसेज पाठवला. "काँग्रॅच्युलेशन्स. व्हेरी गुड परफॉर्मन्स. रिगार्ड्स, बाबा."

आम्ही पोट धरून हसलो. तो हसला नाही. कोपी तशीच टाकून उठला.

*

त्यानंतर त्याने तिची मॅच बघायला जायचं ठरवलं. मनापासून ठरवलं, त्यात खोट नव्हती. पण त्या वर्षी प्रोजेक्टचं गो-लाइव्ह आलं, म्हणजे सिस्टिम चालू करायची तारीख, रजा बंद. पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रोजेक्टचं. शेवटच्या वर्षी एकदाची रजा मिळाली, मेचं तिकीट काढलं. एप्रिलमध्ये तिचा खांदा गेला. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी पिचिंग कायमचं बंद केलं.

तिकीट होतंच, म्हणून तो पदवीदानाला गेला. पोरगी ऑनर्समध्ये आली होती. सोहळ्यानंतर तिने त्याला रिकामं ग्राउंड दाखवलं. चार वर्षं ज्या मार्कांची चौकशी केली ते हातात होते, आणि तिथे उभा राहून हा वहिनींना फोनवर म्हणाला, "अगं, मार्क बघायला कशाला आलो मी?"

हा किस्सा वहिनींनीच सांगितला. त्यावर कुणालाच हसू आलं नाही. वाईट वाटलं.

*

ऋजू परत आली, आंग मो किओला नोकरीला लागली. त्या वर्षीच्या गणपती मॅचमध्ये शिऱ्या बॅटिंगला आला तेव्हा नेमकी शेवटची, कच्च्या लिंबांची ओव्हर आली. जिंकायला चार रन्स हवे होते. गायकवाड तिला म्हणाला, "चल, बाबाला तू टाक."

तिने टेनिस बॉल घेतला. हात गोल फिरवला नाही, नुसता कोपरापासून हलवला. बॉल दोन टप्पे घेत आला.

"जोरात टाक ना," शिऱ्या ओरडला. "बघायचंय मला!"

ती इथल्या बोलीत म्हणाली, "बाबा, दिस इज द फास्ट वन, लाह."

शिऱ्याने बॅट जमिनीला टेकवली.

दुसरा बॉल आला. त्याने जाऊ दिला. तिसराही. "शिऱ्या, मार की! कच्च्या लिंबाची ओव्हर आहे!" गायकवाड बोंबलत होता. शिऱ्याची नजर बॉलवरून हलत नव्हती. प्रत्येक बॉल तो तिच्या हातातून सुटल्यापासून मागे जाईपर्यंत बघत होता. बॅट एकदाही उचलली नाही. आम्ही मॅच हरलो.

ओव्हर संपली तसा तो बॅट काखेत धरून तिच्यापर्यंत चालत गेला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नो-हिटर!"

कॉलेजला गेल्यापासून इंग्लिशमध्येच उत्तर देणारी ऋजू त्याच्या खांद्यावर हात ठेवून मराठीत म्हणाली, "होतं असं कधी कधी, बाबा. पुढच्या वेळी बसेल."