तळव्यांना लावलेलं तेल

हे मी श्रीकांतलाही सांगितलेलं नाही. नवरा आहे माझा, त्याच्याच वडिलांची गोष्ट आहे, म्हणजे आधी सांगायला हवं होतं ते त्यालाच. पण तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही उद्या सकाळी माझ्यासमोर चहाला बसणार नाही. बघा — सुरुवातच अशी भेकड.

गोष्ट बाथरूमच्या फरशीची आहे. हसू नका.

नाशिकला आमचा बंगला बांधून होत आला होता, ती नव्वदीतली वर्षं. सासूबाई पिंपळगावकडच्या, मळ्यात वाढलेल्या. त्यांना बाथरूममध्ये शहाबादी हवी होती, पायाला खरखरीत लागणारी. मला पांढरा संगमरवर हवा होता. का? तर माझ्या एका मैत्रिणीकडे होता म्हणून! आणि सासऱ्यांनी माझी बाजू घेतली. दादा म्हणायचो आम्ही त्यांना. देवळाली कॅम्पातल्या नोकरीतून नुकतेच रिटायर झाले होते. "वैजूला पाहिजे तर बसू दे," म्हणाले. स्कूटरवर मागे बसवून मला हायवेवरच्या मार्बलवाल्यांकडे घेऊन गेले. प्रत्येक लादीवर बाटलीतलं पाणी ओतायचे आणि ती वाळेपर्यंत थांबायचे. लादी वाळते, पण चीर असली तर ती ओली राहते, असं त्यांचं म्हणणं. मी उन्हात कंटाळून उभी.

फरशी बसवून झाल्यावर मिस्त्रीने बजावलं होतं, हिला ॲसिड लावायचं नाही, साबणाचं पाणी चालेल, आणि आंघोळ झाली की कोरडी करायची. ते दादांनी मनावर घेतलं. घरातलं कोणीही आंघोळ करून बाहेर पडलं की दादा वायपर घेऊन आत. आई, म्हणजे सासूबाई, चिडवायच्या, "पेन्शन घेऊन बी चाकरी सुटली नाय तुमची!" दादा नुसते हसायचे.

मग ती दिवाळी आली. दादा काही दिवस सटाण्याला बहिणीकडे गेले होते आणि वायपरची पाळी माझ्यावर होती. मी काही ती पाळली नाही. बोअरच्या पाण्याने कोपऱ्यात आणि दाराशी पिवळट डाग धरले. पाहुणे यायचे होते. मी वाण्याकडून ॲसिडची बाटली आणली आणि ओतली. दगड फसफसला हो — जिवंत असल्यासारखा. धुतलं तेव्हा डाग गेले होते, आणि त्यांच्याबरोबर चकाकीही गेली होती. दाराशी नुसते चुन्यासारखे पांढरे, भुरकट पट्टे राहिले.

दादा रागावले असते का? छे. खाली बसून त्यांनी बोटाने तो दगड चाचपला असता आणि काही बोलले नसते. तेच मला नको होतं.

आमच्या ओट्याच्या काळ्या कडप्प्याला सणासुदीला खोबरेल चोळायची पद्धत आहे, घरोघरी असते. चोळलं की कडप्पा आरशासारखा दिसतो. मी तेच खोबरेल संगमरवरावर चोळलं. चांगलं जिरेपर्यंत चोळलं, आणि चकाकी परत आली! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. संध्याकाळी दादा आले, दारातूनच आत डोकावले आणि म्हणाले, "छान ठेवलीस की गं."

रात्री थंडी पडली. नाशिकची थंडी — खोबरेल बाटलीत थिजतं, तसं ते फरशीवरही थिजलं असणार. पांढऱ्यावर पांढरं, कोणाला दिसणार?

नरकचतुर्दशीची पहाट. पाटावर दादा बसले होते, आई त्यांना तेल लावत होत्या, मी ओवाळणीचं ताट घेऊन उभी. दादांच्या टाचांना भेगा पडलेल्या. आईंनी तळव्यांनाही तेल लावायला घेतलं, तसे दादा म्हणाले, "तळव्यांना नको गं, पाय घसरंल."

"घसरला तर घसरला. मी धरीन ना," आई म्हणाल्या, आणि आम्ही सगळे हसलो.

आता खरं सांगायचं ते इथे आहे. त्या हसण्यात मला आठवलं. दाराशी मी काय चोळून ठेवलंय, ते मला आठवलं. दादा उठले, पंचा सावरत निघाले — आणि "दादा, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. पण थांबा म्हटलं की का ते सांगावं लागणार. मग ॲसिड सांगावं लागणार. ताट हातात धरून मी गप्प उभी राहिले. इतकी कशी मी गप्प राहिले?

त्यांचा आवाज नाही ऐकू आला. बादली कलंडल्याचा आला, आणि गरम पाणी दाराबाहेर वाहत आलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. श्रीकांत आणि शेजारी त्यांना उचलून गाडीत घालून घेऊन गेले, आई सोबत गेल्या. मी म्हटलं, घरी कोणीतरी हवं. मागे राहिले ते कशासाठी, माहीत आहे? धुण्याची पावडर आणि कढत पाणी घेऊन मी ती फरशी घासली. तेलाचा अंशही राहू दिला नाही. मग दादांच्याच वायपरने कोरडी केली.

कपडे न्यायला श्रीकांत परत आला, मागून आई आल्या. तो म्हणाला, "एवढा कसा पाय सरकला?" आणि मी म्हणाले, "आईंनी तळव्यांना तेल लावलं होतं."

खोटं नव्हतं ते. एक शब्दही खोटा नव्हता. आई दारात उभ्या होत्या. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

दाराशी पुन्हा उघडे पडलेले पांढरे पट्टे कोणाच्या लक्षातही आले नाहीत. लक्ष देणारा माणूस खाटेवर पडून होता. त्या खाटेवरून दादांनी एकदा मला विचारलं, "फरशी कोरडी ठेवतेस ना?" मी हो म्हणाले. ते परत चालले नाहीत. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ धरला, आणि उन्हाळ्याआधी गेले.

त्यानंतर आईंनी दिवाळीला कोणाला तेल लावलं नाही. नातवंडं पाटावर बसली की देवघरात जाऊन बसायच्या. कोणी भेटायला आलं की सांगायच्या, "त्ये नको म्हनत व्हते, म्याच ऐकलं नाय. म्याच पाडलं त्यान्ला." हे त्या माझ्यासमोर सांगायच्या, आणि मी पाहुण्यांना चहा द्यायचे. कधीकधी तर त्यांची समजूतही घातली मी. "आई, असू द्या हो, तुम्ही मायेनंच लावलं ना?" — असं म्हणाले मी. ऐकताय ना?

पुढे काही वर्षांनी आम्ही तो संगमरवर काढून खरबरीत टाइल्स बसवल्या. आईंना पाहिजे होत्या तशा. तरी अजून मी बाथरूममध्ये पाय टाकण्याआधी अंगठ्याने दाराशी चाचपून बघते. रोज.

आई गेल्या तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ घालायला आम्ही बायकाच होतो. नणंदेने तेलाची वाटी पुढे केली, डोक्याला लावलं, हातांना लावलं, मग ती पायांशी आली. माझ्या तोंडून निघालं, "तळव्यांना नको. त्यांना चालत नसे."

नणंदेचे डोळे भरले. सगळ्यांनी माना हलवल्या. का चालत नसे, ते त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांना ते मीच सांगितलं होतं.