उजेड न लागलेली वाळू

भर दुपारी डोक्यावरून काळं घोंगडं ओढून ओढ्याच्या दरडीत डोकं खुपसलेली बाई तुम्ही गुंजी गावाच्या बाजूला कधी पाहिली असेल, तर त्या आमच्या आक्का. आणि घोंगड्याच्या कडा दाबून बसलेला बावळट म्हणजे मी. आता ती दरड नाही आणि आक्काही नाहीत.

वडगावात आमची घरं समोरासमोर. आक्का कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी साड्या पोचवणारा गाडीवाला. रविवारी त्यांना ओढ्यावर न्यायचो. तिथं जमीन फार पूर्वी फाटून एक बाजू खाली घसरली होती. ती शेवटची कधी हलली, एवढंच आक्कांना हवं होतं.

"फाट जिथं थांबली, तिच्यावरची वाळू अखंड हाय बघ. म्हंजे ती नंतर साठली. तिचं वय कळलं की झालं."

वाळू गाडली गेली की तेव्हापासून तिचं वय मोजता येतं. उजेड लागला की सगळं पुसतं. म्हणून घोंगडं.

पहिल्याच खेपेला मी काय करावं? बाई आत गुदमरत असतील म्हणून घोंगडं उचललं आणि विचारलं, "आक्का, चहा घेणार?"

ऊन थेट त्यांच्या ओंजळीतल्या वाळूवर.

"झालं. आज जन्मली," आक्का म्हणाल्या. मग हात झटकून, "आण आता चहा. बारशाचा."

पुढच्या खेपेला मी तोंड शिवून बसलो. डबा भरला, काळ्या पट्ट्यांनी गुंडाळला. वाळूचं वय मोजणाऱ्या प्रयोगशाळेनं नंबर लागेपर्यंत थांबायला सांगितलं. तेवढ्यात वाळूवाल्यांनी जेसीबी लावून दरडच नेली. उरला तो डबा.

मग आक्कांचं यकृत गेलं. दवाखान्यात स्वतःबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"डबा कुठं हाय रं?"

"तुमच्या कपाटात."

"उघडला न्हाय न्हवं कुणी?"

"न्हाय, आक्का."

"मग असू दे."

शेवटच्या दिवशीही एवढंच.

नंबर लागल्याचा फोन आला तो नेमका बाराव्याच्या सकाळी. डबा आणायला गेलो, तर तो स्वयंपाकघरात, घासून पुसून, साखरेनं भरलेला.

"वैनी, ह्यातली वाळू?"

"ती व्हय?" आक्कांची भावजय म्हणाली. "परड्यात ओतली की. आज पाव्हणं लई, डबं कमी पडलं."

परड्यात कर्दळीपाशी ओंजळभर ढीग. वर टळटळीत ऊन. वाळूचं वय आता आक्कांच्या बाराव्यापासून.

गाडीतलं घोंगडं आणून मी त्यावर पांघरलं.

"आता कशाला झाकताय?" वैनींनी दारातून विचारलं.

मी कडा दाबून तसाच बसून राहिलो.