डोंगरावर लागलेलं केंद्र

आमचं गाव कानडी मुलखात, अणशीकडच्या रानात, डोंगरांच्या मधल्या खोलगटात. घरात रेडिओ होता, पण दिवसा त्यातून खरखरीशिवाय काही यायचं नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, तो उचलून अंगणभर फिरायचे, कधी गोठ्याकडं तोंड करून बघायचे, कधी विहिरीकडं, आणि शेवटी कंटाळून बंद करायचे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रेडिओ केंद्राची माणसं टेपचं यंत्र घेऊन आमच्या भागातल्या बाजारकुणंग गावी आली. भात लावताना बायका म्हणतात ती गाणी त्यांना हवी होती. आसपासच्या गावांत माझ्या आईला त्या गाण्यांसाठीच ओळखत. ती पुढं म्हणायची, बाकीच्या मागनं. मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते. तिच्या सोबतीला गेले. तिनं डोळे मिटून गाणी म्हटली. यंत्रावरचे साहेब म्हणाले, "अव्वा, जरा मागं सरून बसा, आवाज मोठा आहे तुमचा." आई लाजली.

कार्यक्रम लागायचा दिवस कळला तशी रामनगरच्या मावशीनं सांगावा धाडला, "हिकडं या, आमच्यात सोच्छ ऐकू येतंय." आईनं नेसायचं लुगडंही काढून ठेवलं. पण आप्पांचा जीव मळणीत अडकलेला.

"खळ्यावर भात पडलंय. एका गाण्यापायी रामनगर कशाला? मागच्या डोंगरावर लागतंय की केंद्र."

"बरं, डोंगरावर जाऊया," आई म्हणाली आणि लुगडं परत ट्रंकेत ठेवलं.

त्या दुपारी आम्ही तिघं आणि आईबरोबर गायलेल्या दोघी वर चढलो. आप्पा कातळावर रेडिओ फिरवत राहिले. "हितं! हितं लागलं!" म्हणत ते तो तसाच तिरका धरून बसले. निवेदकानं कन्नडमधून आमच्या भागाचं नाव घेतलं आणि गाणं सुरू झालं. आवाज येई, विरून जाई, परत येई. ओढ्यापलीकडनं कुणी हाक मारावी तसा बारीक, आणि मागं कढईत काही तळल्यासारखी चरचर. दोघी बायका एकमेकींना ढोसून हसायला लागल्या. आई मान खाली घालून ऐकत होती.

गाणं संपल्यावर ती म्हणाली, "ही मी न्हवं."

"अगं, तूच की. शब्द तुझंच हाईत," आप्पा म्हणाले.

"शब्द कुणीबी म्हणंल. माझा आवाज असा किरकिरा हाय व्हय?"

"रेडिओमुळं तसं वाटतंय, आई," मी म्हटलं.

तिनं त्या दोघींकडं बघितलं. "इतकी वर्सं तुम्ही ह्योच ऐकत हुता?"

त्यांना ती थट्टा वाटली. त्या आणखी हसल्या. आई उठून एकटीच डोंगर उतरायला लागली.

पुढं मावशी आली ती गळ्यातच पडली. "शेजारच्या बायका आत येऊन बसल्या गं ऐकायला. तू बाजूला बसून म्हणतीस असंच वाटलं."

"तू बहीण. तू तसंच म्हणणार," आई म्हणाली.

पुढच्या लावणीला तिनं दुसरीला पुढं केलं. स्वतः मागच्या रांगेत नुसते ओठ हलवायची. बायकांनी आर्जवं केली, मी रागावले, काही उपयोग झाला नाही. पुढं कधीच ती पुढं होऊन गायली नाही.

आप्पांच्या मनाला ते लागून राहिलं. जेवताना मध्येच म्हणायचे, "भात काय पळून जात हुतं व्हय?" काही वर्षांनी ते मला घेऊन रेडिओ केंद्रात गेले. ती टेप एकदा सोच्छ ऐकवली तर तिची खात्री पटेल, अशी त्यांना आशा. तिथल्या बाईंनी आम्हाला बसवलं, आत जाऊन चौकशी केली. जुन्या टेपवर नवे कार्यक्रम भरतात, हे गाणं कधीच पुसलं गेलं, असं त्यांनी समजुतीनं सांगितलं.

"म्हंजे आता कुठंच न्हाई?" आप्पांनी विचारलं.

"नाही हो."

आम्ही कुठं गेलो होतो, हे आईला सांगितलं नाही. आता दोघंही नाहीत.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिच्याकडं गेले तेव्हा स्वयंपाकघरात डिजिटल रेडिओ होता, खरखर म्हणून नाही. कुणी बाई गात होती, तिनं श्वास घेतलेलासुद्धा कळत होता. भाषा काही कळली नाही, पण मी ओट्याशी ऐकत उभी राहिले. आईला एकदा, एकदाच, तिचा आवाज असा ऐकायला मिळायला हवा होता.