आमेन परत घ्या!

ओझेलाच्या बापाचा जन्म अमेरिकेतल्या डरहॅमच्या तंबाखू कारखान्यात गेला आणि जीव खोकल्यात. तेव्हापासून तिच्यासमोर कुणी सिगारेट पेटवली की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू! मी तिच्याबरोबर मोटेलच्या खोल्या साफ करते, मला माहीत नसेल तर कुणाला?

आणि बहिणीला, अर्नेस्टीनला, मूत्रपिंड द्यायला ही निघाली, तर हिच्याच रक्तात निकोटीन! इस्पितळानं सांगितलं, ओढणाऱ्याचं चालणार नाही. अर्नेस्टीन हळूच म्हणाली, "झेला, ओढत असशील तर सांग गं. मी नाही रागावणार." कधी न रडणारी ओझेला त्या दिवशी ढसाढसा रडली.

मग तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली भांडायला. त्यांनी आधी विचारलं, काम काय करतेस? सिगारेट ओढणाऱ्या गिऱ्हाइकांच्या खोल्यांच्या भिंती उघड्या हातांनी पुसते, हे ऐकून त्या म्हणाल्या, "भिंतींवरचा तो धुराचा पिवळा चिकटा कातडीतून आत जातो. शिवाय आपल्या काळ्या कातडीतला रंग निकोटीन धरून ठेवतो, असं दिसतंय. किती, ते अजून शोधतायत. त्या खोल्या सोड, मग पुन्हा तपासू."

तोवर रक्ताची बातमी सगळीकडे पसरली होती. रविवारी चर्चमध्ये डीकन क्रम्प, आमच्या चर्चमधले एक पुढारी, उठले. आमच्या मोटेलचे मॅनेजरही तेच. डोळे मिटून गरजले, "प्रभू, सिस्टर ओझेलाला सिगारेटच्या पाशातून सोडव!"

सगळं चर्च म्हणालं, "आमेन!"

"आमेन परत घ्या!" ओझेला ताडकन उभी राहिली. "ओढलीच नाही, तर सुटका कसली मागताय? डीकन, तुमच्या भिंती माझ्या हातांतून रक्तात गेल्यात. हातमोजे मागितले तर काय म्हणालात? उगाच नखरे! उद्यापासून त्या खोल्यांत पाय ठेवणार नाही. काढा कामावरून, खुशाल काढा! माझ्या बहिणीला मी मूत्रपिंड देणार म्हणजे देणार."

अर्नेस्टीन बाकाला धरून कशीबशी उठली. "माझी बहीण खोटं बोलत नाही," म्हणाली. "मीच चुकले."

क्रम्प पुटपुटले, "अहो सिस्टर, पण मग त्या खोल्या पुसायच्या कुणी?"

ओझेला त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. त्यांचा हात धरून तिनं आपल्या हाताशेजारी ठेवला. दोन्ही सारखेच काळेभोर.

"तुम्ही पुसा," ती म्हणाली. "उघड्या हातांनी. मग तुमच्यासाठी आम्ही प्रार्थना करू."