माझ्या मृत्युपत्राचे साक्षीदार

२०२२ साल. माझं वय शहात्तर. भात झोडून झालं आणि मी मृत्युपत्र करायचं ठरवलं. शाळा चौथीपर्यंत, पण एकदा मनात घेतलं की मी करतोच.

कारण लेक. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे शेणव्याला परत आली, त्याला नऊ वर्षं झाली. ओढ्याकडचं भाताचं खाचर मी माझ्या कमाईतून घेतलेलं. नऊ वर्षं तिथली लावणी-कापणी तीच करते. मुलगे म्हणायचे, "ताईला आमी कधी नाय म्हणू का?" म्हणणार नाहीत, ठाऊक आहे. पण माझ्यामागे तिनं कोणाला विचारत का बसावं? कागद पाहिजे.

शहापूरच्या वकीलबाई म्हणाल्या, दोन साक्षीदार आणा. आमच्याकडे सोयरीक असो, बांधाचं भांडण असो, साक्षीला गावातली सगळ्यात जुनी माणसं. मी निवडून नेली. एक चौऱ्याऐंशीचा, एक एक्क्याऐंशीचा. रिक्षातून उतरवायलाच पाव तास गेला.

बाईंनी दोघांची वयं विचारली आणि पेन खाली ठेवलं. "बाबा, पुढं कोणी भांडलं तर साक्षीदारांना कोर्टात सांगावं लागतं. तुमच्यामागं राहतील अशी माणसं आणा."

"म्हंजे आमी आधी जानार?" थोरला काठी आपटून उठला. "याला खांदा देऊन मंग जाईन मी!"

"तुला काठी उचलवंना, खांदा कसला देतो?" धाकटा म्हणाला.

मीही तापलो. म्हटलं, यांच्याच सह्या घ्या, नाहीतर राहू द्या.

"घेते की. कायद्यानं चालतं," बाई हसल्या. "पण लेकीच्या कामाला येतील का, ते तुम्हीच सांगा."

मी दोघांना परत रिक्षात बसवलं.

घरी येऊन विचार केला. खाचर कोण कसतं, हे बाहेरच्या कोणी पाहिलंय? आदिवासी वाडीवरच्या एका बाईनं. दरसाल लावणीला ती बायका घेऊन येते. चाळिशीची, धट्टीकट्टी. तिच्या घरी मी जन्मात पाणी प्यायलो नव्हतो. गेलो, अंगणात बसलो, पाणी मागून प्यायलो आणि काम सांगितलं.

"मी साक्षीला? गावातली सगली मेली का काय, काका?"

"नाय गो. पण वकीलबाई म्हनते, मरतील."

ती पदर तोंडाला लावून हसली आणि हो म्हणाली. दुसरी साक्षीदार गावात घरोघर औषधं देणारी आशाताई, तीही तरणी. वकीलबाईंकडे आधी मी सही केली, मग दोघींनी माझ्यासमोर केल्या. दोन्ही म्हातारे हट्टानं बघायला आले होते. बाहेर पडल्यावर थोरल्यानं माझ्याकडून वडापाव वसूल केला. "साक्षीदार नाय तर नाय, हजर तर होतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला विचारलं, "ओढ्याच्या खाचरात यंदा काय टाकायचं?" इतक्या वर्षांत हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, वाल. माझ्या मनात हरभरा होता. मी माळ्यावरून वालाचं बी काढून दिलं.